रिकामं म्हणायच्या आधी

लाखनीत आमच्या सिस्टरांचं नाव काढलं की लोक आधी हसतात आणि मग नाकाला पदर किंवा रुमाल लावल्याचा अभिनय करतात. त्यांच्या घरात सडकी अंडी फुटल्याचे किस्से अख्ख्या वस्तीला पाठ आहेत. विहाराच्या कमिटीची बैठक त्यांच्या ओसरीवर चालली असताना आतल्या खोलीत ‘फट्’ झालं आणि अध्यक्ष भरला कप खाली ठेवून चप्पल न घालताच घरी गेले, हा एक. मीटर पाहायला आलेला माणूस फाटकातूनच आकडा अंदाजानं लिहून पळाला, हा दुसरा. खराब अंडं बाहेर फेकायचं सोडून बाई ते पंचवीस-पंचवीस, तीस-तीस दिवस उबेत ठेवायची, कोणी सांगितलं तरी ऐकायची नाही. वय झालं की माणूस असंच करतं, म्हातारीचं डोकं फिरलं होतं, असं म्हणून लोक किस्सा संपवतात. त्यात प्रेमही असतं, नाही असं नाही.

मीही त्यांच्यासोबत हसते. पण सिस्टर आधी तशा नव्हत्या. खराब अंडं त्यांच्या घरात एक रात्र टिकत नसे. त्यांना तसं कोणी केलं हे मला ठाऊक आहे आणि माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. इतकी वर्षं मी ते सांगितलं नाही याची मला लाज वाटते, आणि जेव्हा सांगायला गेले होते तेव्हा काय झालं, याची त्याहून जास्त वाटते.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. मी वर्ध्याकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक लाखनीजवळ झाली आणि कोणीतरी सांगितलं की हायवेच्या मागच्या गल्लीत एक रिटायर नर्सबाई एकट्या राहतात, खोली देतील. मी गेले तेव्हा त्या अंगणात उभ्या राहून एका कोंबडीला रागावत होत्या. रागावणं पूर्ण केलं आणि मग माझ्याकडे वळून पहिला प्रश्न विचारला, की दार आपटायची सवय आहे का? मी नाही म्हटलं. दुसरा प्रश्न, रेडिओ मोठ्यानं लावता का? मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या की राहा, पण आत दिवस भरलेले आहेत, पाय जपून टाकत जा. मला वाटलं घरात लेक किंवा सून बाळंतपणाला आली असेल. दोन दिवस मी टाचा उचलून चालले. तिसऱ्या दिवशी मला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी एका थर्माकोलच्या पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आत चाळीसचा एक बल्ब, पाण्याची एक वाटी, आणि धानाच्या कोंड्यावर ओळीनं मांडलेली अठरा अंडी.

ती पेटी लशींची होती. नोकरीत असताना डोस थंड राहावेत म्हणून जी पेटी बर्फ घालून खांद्यावरून वाहिली, तीच फुटकी झाल्यावर त्यांनी मागून घेतली होती. जिंदगीभर इले थंड ठेवलं, आता म्हातारपणी जरा शेकू द्या, असं त्या म्हणायच्या. पेटीत तापमान पाहायला तापाचाच थर्मामीटर होता. तो त्या काढायच्या, पदरानं पुसायच्या, झटकायच्या आणि खिडकीशी नेऊन बघायच्या. शंभराच्या थोडा वर पारा असला की त्यांचा चेहरा खुलायचा. साऱ्या गावाचा ताप उतरवण्यात ज्यांची सारी नोकरी सरली, त्या आता ताप टिकून राहावा म्हणून जिवाचा आटापिटा करत होत्या. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज जायची तेव्हा शेकायच्या रबरी पिशव्या गरम पाण्यानं भरून पेटीत ठेवायच्या आणि वरून स्वतःची शाल पांघरायची. थंडीत मी त्यांना शालीशिवाय कुडकुडताना पाहिलं आहे, पण पेटीवरची शाल त्यांनी ओढून घेतली नाही.

नोकरीतलं सगळं त्यांनी अंड्यांना लावलं होतं. अंड्यांच्या तारखा काढायच्या, म्हणजे एकविसावा दिवस. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा प्रत्येक अंडं उलटायचं, आज रात्री फुली वर तर उद्या रात्री गोल वर. एका कुशीवर निजलं तर बाळ चिकटतं, म्हणायच्या. सातव्या-आठव्या दिवशी पहिली तपासणी. धानाच्या कोठीला खिडकी नव्हती, तिथं भर दुपारीही अंधार असायचा. टॉर्चला पुठ्ठ्याची नळी लावून अंड्याचं जाड बूड तिच्यावर टेकवायचं. भरलेल्या अंड्यात तांबड्या शिरा पसरलेल्या दिसतात, मधे एक काळा ठिपका, आणि नीट धीर धरून पाहिलं तर तो हलतो. रिकामं अंडं नुसतंच पिवळं उजळतं. रिकाम्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी आमलेट व्हायचं. कोंबडी मात्र त्या खात नसत. ज्याची तारीख मी काढली, त्याले मी खाऊ कशी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आणि त्यांचा सगळा ओढा त्या पेटीकडे. हायवेवरच्या ट्रकांच्या हॉर्ननं आतल्या पिलांचं काळीज फुटतं, असं त्यांचं ठाम मत होतं. तारीख जवळ आली की पंक्चरवाल्याच्या दुकानाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि हात करून ट्रक थांबवायच्या. “हॉरन मत बजाव भैया, अंदर डिलिवरी है,” असं सांगायच्या. एका ड्रायव्हरानं ते इतकं मनावर घेतलं की ट्रक बाजूला लावून तो क्लीनरसकट घरी आला, बाईला दवाखान्यात पोचवतो म्हणाला. सिस्टरांनी त्याला चहा पाजला आणि पेटी दाखवली. तो वाकून बघत राहिला. पुढं बरेच महिने तो साकोलीकडून येताना हॉर्न न वाजवता हात हलवून जायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे.

जिल्हा तुटला तेव्हा त्या रिटायर व्हायच्या बेतात होत्या. ज्या उपकेंद्रांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली ती गावं गोंदियात गेली. माही अर्धी नोकरी तिकडे गेली अन् पेन्शन इकडे राहिली, असं सांगून त्या हसायच्या. तिकडच्याच एका जंगलातल्या गावची एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली होती, दोन्ही वेळा अंडी तपासताना.

नोकरी नवी होती. बाळंतपणाला बोलावलं. पोटावर नळी लावली, कान लावला, ठोके ऐकू आले नाहीत. त्या घाबरल्या आणि सासूला सांगून बसल्या की ठोके नाहीत. सांगितलं हळूच, पण खाटेवरच्या बाईनं ऐकलं. पहाटे पोरगं झालं ते रडतच. धडधाकट. सगळे आनंदले. पण आई त्याला हातात घेईना. दोन दिवस तिनं त्याला पदराखाली घेतलं नाही.

“तिनं आधीच रडून घेतलं होतं नं, मॅडम,” सिस्टर म्हणाल्या होत्या. “मेलेल्यावर रडून झालं, आता जित्याले घ्या म्हनलं तर कसं घेईन? तवापासून मी नेम केला. रिकामं म्हनाच्या आधी तीनदा पाहाचं. तीनदा पाहूनबी समजलं नाई तर समजलं नाई म्हनाचं. पन नाही म्हनाचं नाई.”

हे मी ऐकलं होतं. दोनदा ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

जवळच्या गावात, बोडीच्या पाळीवर, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहान तलावाच्या बांधावर, एक म्हातारी राहायची. आम्ही तिला बोडीवरची आजी म्हणायचो. तिच्या दोन्ही पोरी सिस्टरांच्या हातावर झालेल्या. एका दुपारी ती टोपली पोटाशी धरून धापा टाकत आली. तिची खुडूक बसलेली कोंबडी रानमांजरीनं नेली होती, बसल्याला चारच दिवस झाले होते. कोंबडीच्या अंगातली ऊब अंड्यांत होती तोवर आजीनं ती गरम कोंड्यात पुरली आणि ऑटोची वाट न पाहता पायी आली. बारा अंडी होती. त्या कोंबडीशिवाय तिच्या अंगणात दुसरं काहीच उरलं नव्हतं. ती कोंबडी, तिची पिल्लं, त्यांची अंडी यावरच तिचं तेलमीठ होतं आणि लेकींकडे जाण्याची एसटी होती. सिस्टरांनी आपली पाच-सहा अंडी बाजूला सरकवून आजीच्या अंड्यांना बल्बाजवळची जागा दिली, त्यांच्यावर एक ते बारा नंबर टाकले आणि आजीला सांगितलं, “तू घरी जा बिनघोर. आता ह्या माह्या पेशंट आहेत.”

आठव्या दिवशी तपासणी यायची होती, आणि नेमकी सातव्या दिवशी सिस्टरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. ती पुढं ढकलायचं त्या म्हणत होत्या. मीच म्हटलं की जा, मी आहे ना. मला उलटणं येत होतं, पाहणंही त्यांनी शिकवलं होतं. माझ्यावर विसंबून त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आल्या. वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, टॉर्चकडे बघायचं तर नावच नाही. दुसऱ्या डोळ्यातही मोती उतरत होताच. त्या पुढच्या खोलीत खाटेवर बसल्या आणि मला म्हणाल्या की मॅडम, आज तुमचे डोळे मला उसने द्या.

पाचच्या सुमारास मी बारा अंडी टोपलीत घेऊन कोठीत गेले.

तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. माझे होणारे यजमान नागपूरला नोकरीला होते आणि बरोबर पाच वाजता त्यांचा फोन यायचा. घरात मोबाइलला रेंज नव्हती, ती फक्त मागच्या अंगणात जामाच्या, म्हणजे पेरूच्या झाडाजवळ मिळायची. पहिलं अंडं मी टॉर्चवर धरलं. काहीतरी तांबूस दिसलं, नीट कळेना, धीर धरून पाहायला हवं होतं. तेवढ्यात अंगणात झाडाच्या फांदीला टांगून ठेवलेला मोबाइल वाजला. मी अंडं टोपलीत ठेवलं आणि मागच्या दारानं बाहेर गेले. दोन मिनिटं बोलून येऊ, असं ठरवून गेले. काय बोललो ते आता एक अक्षर आठवत नाही. पत्रिकेच्या कागदाचा रंग की काय असंच काही असेल.

आतून सिस्टरांची हाक आली. झालं का, अंडी गार पडतील. मी धावत कोठीत आले. टोपलीला हात लावला तर अंडी खरंच निवत चालली होती. बाराही अंडी पाहायची तर अजून वेळ जाणार, आणि इतका वेळ मी काय करत होते ते सांगावं लागणार. मी टॉर्च बंद केला, अंडी पेटीत मांडली, झाकण लावलं. अजून पाहायची आहेत, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या रागावल्या असत्या आणि विसरल्या असत्या. मी म्हटलं, “झालं सिस्टर.”

“कशी आहेत?”

सगळी भरलेली आहेत, असं म्हणणार होते. पण बारात दोन-तीन रिकामी निघतातच, हे त्यांचंच वाक्य होतं. सगळी चांगली म्हटलं तर त्यांना शंका आली असती. खोटं पटावं म्हणून मी म्हटलं, की नऊ भरलेली आहेत आणि तीन रिकामी.

“कोनती तीन?”

“चार, सात आणि अकरा.”

हेच आकडे का, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडात आले.

“तीनदा पाह्यली?”

“हो. तीनदा.”

त्यांनी भिंतीला धरत स्वतः आत जाऊन चार, सात आणि अकरा पेटीतून उचलली आणि स्वयंपाकघराच्या फळीवर एका गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवली. मी पाहत होते. तेव्हाही बोलता आलं असतं. मी शाळेच्या वह्या तपासायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठीच आमलेट करायला त्या उठल्या. माझ्या उपकाराची फेड म्हणून. रिकामं अंडं त्या थेट तव्यावर कधी फोडत नसत, आधी वाटीत फोडून बघायच्या. आपली चूक झाली असेल तर ती आपल्या डोळ्यानं पाहावी, असं त्यांचं म्हणणं. मी दारात चहा पीत उभी होते. त्यांनी अंडं वाटीच्या काठावर टिचकवलं, दोन बोटांनी उघडलं आणि उघड्या डोळ्यासमोर वाटी नेली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग शेजारची ताटली उचलून वाटीवर झाकली.

मला वाटीत काय होतं ते दिसलं नाही. त्यांनी दाखवलं नाही. पण त्या दुसऱ्या हातानं उरलेली दोन अंडी चाचपून पाहू लागल्या, आणि रात्रभर फळीवर राहिलेली ती अंडी किती थंड असतील हे मला न हात लावता कळलं.

“मॅडम,” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “तुमी पाह्यलं होतं ना?”

“हो सिस्टर. मला रिकामीच दिसली.”

एकदा खोटं बोलले ते घाईत होतं, असं मी स्वतःला कधीमधी समजावते. हे दुसरं घाईत नव्हतं. त्या मला दार उघडून देत होत्या आणि मी ते आतून लावून घेतलं.

ती दोन थंड अंडी त्यांनी पेटीत परत नेऊन ठेवली, बल्बाच्या अगदी जवळ. वाटी घेऊन अंगणात गेल्या. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी वाकून जामाच्या झाडाखाली खुरप्यानं खड्डा केला. त्याच झाडाखाली मी आदल्या दिवशी फोनवर बोलले होते.

त्या थंड दोघांतून काहीच निघालं नाही. उरलेल्या नवांतली सात फुटली. छान, ओली, ओरडणारी पिल्लं. एक अंडं एकविसाव्या दिवसापर्यंत तसंच पिवळं राहिलं, म्हणजे मुळातच रिकामं होतं. आणि एक एकोणिसाव्या दिवशी पेटीत फुटलं, घरभर घाण सुटली. ही दोन्ही अंडी, पाहिली असती तर, मला आठव्या दिवशीच ओळखू आली असती. मला वाटलं, आता पकडले गेले. ज्या बाईनं हजार पोटांवर नळी लावली तिला एवढं समजणार नाही का? सिस्टर ओट्यावर बसून बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला.

“मले सांगा मॅडम, जे भरलं होतं ते तुमाले रिकामं दिसलं. जे रिकामं होतं ते भरलं दिसलं. तुमच्या डोयात काहीतरी आहे. मले पयलेच समजाले पाह्यजे होतं. मी तुमाले विचारल्याबिगर तुमच्या हातात टॉर्च देल्ली.”

खोटं बोलण्याची शक्यता त्यांच्या मनातच आली नव्हती. किंवा आली असेल आणि त्यांनी ती बाजूला ठेवली असेल. हे मला कधीच कळलं नाही.

बोडीवरची आजी पिल्लं न्यायला आली तेव्हा सिस्टरांनी तिला सात पिल्लं दिली आणि स्वतःच्या अंगणातल्या तीन तलंगा, अंड्यावर येऊ घातलेल्या, पाय बांधून टोपलीत घातल्या. आजी नको नको म्हणत होती. “तीन माह्या चुकीनं गेले,” सिस्टर म्हणाल्या. “माह्या घरी गेले ना? मंग माहीच चूक.” आजीनं त्यांच्या पायाला हात लावला आणि जाताना मलाही म्हणाली, की मास्तरीनबाई, तुमी सिस्टरले लई सांभायलं. मी हसले.

पुढच्याच आठवड्यात डोळे तपासायचं शिबिर लागलं होतं. सिस्टर मला घेऊन गेल्या. स्वतःच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात माझा हात, आणि मांडवातल्या रांगेत जो भेटेल त्याला सांगत होत्या, की पोरगी एवढी शिकली पन कोनी डोये दाखवले नाई हिचे. माझे डोळे उत्तम होते. भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ मला लांबूनच वाचता येत होती. माझा नंबर आला. सिस्टर मागच्या खुर्चीवर पुढं झुकून बसल्या होत्या. खालच्या दोन ओळी मी चुकवल्या. एक अक्षर दुसऱ्यासारखं वाचलं, एकावर अडखळले, एक दिसतच नाही म्हटलं. तपासणाऱ्या मुलानं पाव नंबर लिहून दिला.

“पाहा, मी म्हनत होती ना,” सिस्टर उठून उभ्या राहिल्या. इतका हलका चेहरा मी त्यांचा त्या पंधरवड्यात पाहिला नव्हता. “पोरीची चूक नाई ते.”

चष्मा आला. मी तो लावला. शाळेत काढून ठेवायचे, घरी येताना फाटकाशी लावायचे. खोटं जिरवायला किती कष्ट पडतात ते मी त्या वर्षी शिकले.

आणि त्या दिवसापासून सिस्टरांनी अंडं रिकामं म्हणणं सोडलं. त्यांच्या ऑपरेशनच्या डोळ्याला म्हणावं तसं दिसू लागलं नाही, दुसरा त्यांनी करू दिला नाही. टॉर्च लावायच्या, बघायच्या, आणि अंडं परत पेटीत ठेवायच्या. मले नाई दिसलं म्हनून नाई, असं कसं म्हनू? मी तपासून देऊ का, असं विचारायला माझी जीभ रेटत नव्हती, आणि त्यांनीही मला सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. मग पेटीत अंडी साठत गेली. काही फुटू लागली. वास येऊ लागला. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग हसायला लागले. बाया आपली अंडी आणेनाशा झाल्या. ज्या बाईच्या शब्दावर आजूबाजूच्या चार गावांच्या खुडूक कोंबड्या बसायच्या, तिच्या घरासमोरून पोरं नाक धरून पळू लागली. एका वाक्यानं हे सगळं थांबवता आलं असतं. सिस्टर, तुमचे डोळे चांगले होते, शिकवणंही चांगलं होतं, मी पाहिलंच नव्हतं. बस, एवढंच. दीड वर्ष मी त्याच घरात, त्याच वासात राहिले आणि मग लग्न होऊन, बदली घेऊन निघून गेले.

शेवटची भेट झाली तेव्हा माझी मुलगी चौथीत होती. लाखनीला एका सहकाऱ्याच्या घरी वास्तूला आले होते. मनाशी ठरवूनच आले होते, की आज सांगायचं. मुलीला मैत्रिणीकडे ठेवलं. गल्लीत वळताना वाक्य घोकत होते. फाटकाशी आले आणि हातानं आपोआप पर्सची चेन उघडली, चष्मा काढला आणि लावला. मीच पाहत राहिले माझ्या हाताकडे. पण काढला नाही.

सिस्टर खाटेवर बसल्या होत्या. दोन्ही डोळे आता जवळजवळ गेलेले. आवाजावरून ओळखलं, जवळ बसवलं आणि हात चाचपत माझ्या चेहऱ्यावर आणले. गालावरून बोटं वर गेली, चष्म्याच्या काडीला लागली आणि थांबली.

“लावता नं अजून? चांगलं केलं.”

मी म्हटलं, “सिस्टर, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या आजीची अंडी होती ना...”

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आधी एक काम करा. बरं झालं आल्या. शेजारची पोरगी सकायपासून माह्या मागं लागली आहे, हे फेका म्हनून.” खाटेखालून त्यांनी ती जुनी थर्माकोलची पेटी ओढली. तडे गेलेली, दोऱ्यानं बांधलेली. आत एकच अंडं होतं. टॉर्च उशाखाली होता, पुठ्ठ्याच्या नळीसकट. “सव्विसावा दिवस आहे. तुमी पाहून सांगा.”

कोठी आता रिकामी होती, पण अंधार तसाच होता. मी आत गेले, चष्मा काढला आणि अंडं नळीवर टेकवलं. धीर धरून पाहिलं. फिरवून पाहिलं. मग परत पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. आरपार पिवळा उजेड. शीर नाही, ठिपका नाही, काही नाही. त्यात कधीच काही नव्हतं. त्या घरात मी पहिल्यांदाच खरं सांगणार होते. हे खरं सांगितलं की मागचंही सांगता येईल, असं मला वाटलं.

बाहेर येऊन मी त्यांच्या हातात अंडं दिलं आणि म्हटलं, “रिकामं आहे सिस्टर. मी तीनदा पाहिलं. अगदी नक्की रिकामं आहे.”

सिस्टर हसल्या. अंडं त्यांनी गालाला लावून ऊब पाहिली, चाचपत पेटीत ठेवलं, फुली वर की गोल वर ते बोटानं शोधायचा प्रयत्न केला, आणि वरून शाल पांघरली. मग माझ्या हातावर हात ठेवला, अगदी हळू, आजारी माणसाला सांगावं तसं.

“तुमचा नंबर वाढला असन, मॅडम. दाखवून घ्या एकदा.”

मी हो म्हटलं.